शंभर लिटरचा समुद्र: घरच्या टाकीत प्रवाळ कसं वाढतं

पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. सोनाराकडच्या वाटीतला लाल, गुळगुळीत खडा. तो खडा म्हणजे समुद्रातल्या इवल्याशा प्राण्यांनी स्वतःच्या अंगातून घडवलेला सांगाडा, हे अंगठी घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असतं. ते दागिन्यातलं पोवळं खोल, अंधुक पाण्यात वाढतं, त्यामुळे ते घरी वाढवायचा प्रश्नच येत नाही. त्याचे उथळ पाण्यात, उन्हात राहणारे नातेवाईक मात्र काचेच्या टाकीत वाढू शकतात. पुण्यातल्या माझ्या घरी गेली नऊ वर्षं ते वाढतायत. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "समुद्राचं पाणी कुठून आणता?" आणि मग, "अवघड असतं का हो?"

अवघड का असतं ते आधी नीट समजून घ्या, कारण त्यातच सगळं आलं. समुद्रात प्रवाळाभोवतीचं पाणी आज जसं आहे तसंच उद्या असतं. खारटपणा तोच, तापमान फार तर अर्ध्या-एका अंशाने इकडे तिकडे. समुद्र हे करतो त्याच्या अफाट आकारमानाच्या जोरावर. आपल्या शंभर लिटरच्या टाकीत सकाळी सगळं ठीक असतं आणि दुपारपर्यंत सगळं सरकलेलं असतं. दुकानदार तुम्हाला ज्या वस्तूंची यादी देतो (स्किमर, चिलर, वेव्हमेकर, आणखी काय काय), त्यातली प्रत्येक वस्तू समुद्र फुकटात करतो असं एकेक काम करण्यासाठी आहे. कुठली वस्तू कुठलं काम करते हे कळलं की यादीची भीती जाते.

आता प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. ते झाड नाही, दगडही नाही. जेलीफिशच्या कुळातला हा प्राणी आहे. एका प्राण्याला पॉलिप म्हणतात: एक पिशवीसारखं पोट, वर एकच तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे शुंडक. असे शेकडो-हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात, ती झाली वसाहत. जे प्रवाळ अंगाखाली चुनखडीचा सांगाडा बांधतात ते कठीण प्रवाळ, खडक बांधणारे. जे नुसतं मांसल अंग ठेवतात ते मऊ प्रवाळ.

खरी गंमत पॉलिपच्या आत आहे. त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उजेडात साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. उथळ पाण्यातल्या बऱ्याच प्रवाळांची बहुतेक ऊर्जा याच वाटेने येते. बदल्यात शैवालाला राहायला जागा आणि प्रवाळाच्या टाकाऊतलं नत्र मिळतं. प्रवाळ बेटांभोवतीचं पाणी पोषणाच्या दृष्टीने जवळजवळ ओसाड असतं, तरी तिथे एवढी जीवसृष्टी कशी, या कोड्याचं मोठं उत्तर या भागीदारीत आहे.

ही भागीदारी नाजूक असते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं साखर बनवण्याचं काम बिघडतं आणि त्यातून विषारी ऑक्सिजन-संयुगं तयार होऊ लागतात. मग प्रवाळ शैवालाला बाहेर काढून टाकतं. रंग बहुतांशी शैवालाचा असतो, म्हणून प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपला हे झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असं पांढरं पडण्याची, घोषणा झाली. घरच्या टाकीत, पाणी गार ठेवणारा पंखा एक दुपार बंद पडला तरी हेच होऊ शकतं.

आता पाण्याबद्दल. जुहूचं किंवा अलिबागचं पाणी कॅन भरून आणायचं नाही. किनाऱ्याजवळ सांडपाणी असतं, गाळ असतो, पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने खारटपणा पार खाली येतो. पाणी घरीच बनवायचं. त्यासाठी आधी क्षार काढून टाकलेलं पाणी लागतं आणि इथेच बहुतेक नवखे फसतात. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचं पाणी चालेल असं वाटतं. पण त्या यंत्रांमध्ये चव राहावी म्हणून थोडं मूळ पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. बोअरचं पाणी असेल तर त्यातून नायट्रेट, फॉस्फेट आणि क्षार थेट टाकीत येतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून पाहा. ५० दिसलं तर ते पाणी पिण्याला उत्तम, टाकीला नाही. टाकीसाठी शून्याच्या जवळ हवं, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआयचं रेझिन लावायला हवं.

त्या पाण्यात समुद्री मीठ मिक्स घालायचं, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. खाण्याचं मीठ नाही. मिक्समध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असं सगळं समुद्राच्या प्रमाणात असतं. नेहमी पाण्यात मीठ घाला. मिठावर पाणी ओतलंत तर कॅल्शियम साका होऊन तळाशी बसतं. पंप लावून दिवसभर ढवळत ठेवा आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजा: ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार. ते यंत्र साध्या पाण्यावर नाही, ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

यानंतरची गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्या टाकीतून उन्हाळ्यात रोज अडीच लिटर पाणी उडून जातं. ते भरून काढायचं ते गोड्या पाण्याने. पहिल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चार दिवस गावी गेलो. शेजारच्या काकांना सांगून गेले, "पातळी खाली गेली की त्या कॅनमधलं पाणी घाला." कॅन दोन होते, एक गोड्या पाण्याचा, एक मीठ घालून तयार केलेला, आणि कुठला ते मी सांगितलं नव्हतं. खारी टाकी, म्हणून काकांनी खारं पाणी घातलं. कुणीही घातलं असतं. दहा लिटर गेलं आणि दहा लिटर खारं आलं, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम मीठ जास्तीचं. परत आले तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरची रेघ ३८च्या वर होती. टाकीतलं लेदर नावाचं मऊ प्रवाळ, एरवी उघड्या छत्रीसारखं दिसणारं, मुठीसारखं आवळून बसलं होतं आणि अंगावर मेणासारखी पांढुरकी साय धरली होती. मी घाईने पाणी बदललं नाही, रोज एक अंक खाली आणत गेले, कारण झटक्याने खाली आणणं हाही धक्काच असतो. चौदाव्या दिवशी साय तुकड्या-तुकड्यांनी निघून गेली आणि आतून नवं, मऊ, बदामी अंग दिसलं. त्या दिवशी मी ऑटो टॉप-ऑफ मागवला. छोटा सेन्सर असतो, पातळी बोटभर खाली आली की गोडं पाणी सोडतो. माझ्या मते टाकीत प्रवाळ घालण्याआधी विकत घ्यायची हीच पहिली गोष्ट.

पाणी तयार झालं तरी टाकी तयार नसते. माशाची विष्ठा, उरलेलं खाणं, मेलेलं काहीही कुजलं की अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. समुद्रात जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. खडकाच्या खोल, प्राणवायू नसलेल्या छिद्रांमध्ये आणखी वेगळे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. हे जिवाणू नव्या टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा नाही, प्रवाळ नाही.

त्यांना वसवायचं तर खाऊ घालावं लागतं. पूर्वी लोक कोळंबीचा तुकडा टाकून ठेवत, घरभर वास सुटे. त्यापेक्षा नवसागर बरा. भांड्यांना कल्हई लावताना वापरतात तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र तो बाजारातला नको, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्या. शंभर लिटरला पाऊण ग्रॅम घातला की अमोनिया दोन-अडीच पीपीएम (दहा लाख भागांत दोन-अडीच भाग) होतो. मग टेस्ट किट घेऊन बसायचं. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट चढतं. एवढाच डोस पुन्हा घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी जिवंत झाली म्हणा.

पुढचे तीन-चार महिने टाकी कुरूप दिसते, हे आधीच माहीत असलेलं बरं. आधी वाळूवर तपकिरी साका, मग दगडांवर हिरवे केस, मधूनच लालसर बुळबुळीत पापुद्रा. यात अनेक जण औषधं ओतून टाकी बिघडवतात. खाणं कमी करा, हाताने उपटा, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, शैवाल खाणाऱ्या गोगलगायी सोडा. एके दिवशी मागच्या काचेवर जांभळट-गुलाबी ठिपके दिसतील. ते चुनखडी धरणारं कोरॅलाइन शैवाल. ते आलं की निर्धास्त व्हा.

खडकाचं महत्त्व जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिलं. समुद्रातले सजीव (म्हणजे जिवाणू वसलेले) खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते प्रवाळ जगवत होते. जर्मनीत पुढे त्याला जोड मिळाली ती स्किमरची. स्किमर समजायला डाळ आठवा. डाळ उकळताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढून टाकतो. प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून फेस धरतो. स्किमर बारीक बुडबुडे सोडून टाकीतला मळ असाच फेसात पकडतो आणि वरच्या पेल्यात जमवतो. तो पेला धुताना जो वास येतो, तेवढा मळ कुजायच्या आत बाहेर पडलेला असतो.

प्रवाहाचं थोडक्यात सांगते. प्रवाळाला पाय नाहीत, त्यामुळे त्याचा प्राणवायू, खाणं आणि अंगावरचा चिकटा धुणं हे सगळं पाण्याने करायचं. वेव्हमेकर एकाच दिशेने तोंडावर मारू नका, पाणी डोलत राहील असा लावा. उजेडात निळ्या रंगाचं प्रमाण जास्त हवं, कारण पाण्यात तोच खोलवर पोचतो आणि आतल्या शैवालाला तोच चालतो. नवं प्रवाळ आणलं की दिवा मंद ठेवून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या. दिवसाला आठ-नऊ तास पुरे.

महाराष्ट्रात तापमानाची अडचण मात्र खरी. टाकीला २५-२६ अंश हवेत, पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर ४० असतात. स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर वाहणारा छोटा पंखा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे होतं: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. पण माठ पुण्या-नाशकात जसा गार करतो तसा मुंबईत किंवा रत्नागिरीत करत नाही, कारण तिथली हवा आधीच ओली असते. पंख्याचंही तसंच. कोकणात राहत असाल तर चिलरचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा आणि ते जमत नसेल तर वर्षभर थांबा. वीज गेली तर आधी प्राणवायू संपतो, तापमान नंतर. म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप ठेवा. तो फार महाग नसतो आणि त्याने माझी टाकी तीन वेळा वाचवली आहे.

रसायनशास्त्राला घाबरू नका, शाळेत केलेला एक प्रयोग त्याला पुरेसा आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, आठवतं? तो दुधाळपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रवाळाचा सांगाडाही त्याचाच असतो. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून घेऊन हा सांगाडा बांधतं. म्हणून मोजायच्या गोष्टी तीन: कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) आठ-नऊ डीकेएच (हे तिचं एकक), मॅग्नेशियम १३००च्या आसपास. यातली अल्कलिनिटी सगळ्यात आधी घसरते, म्हणून दर आठवड्याला तीच तपासा. कमी पडलेलं भरायचा सगळ्यात जुना मार्ग म्हणजे हीच चुन्याची निवळी. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून, वरची नितळ निवळी रात्री थेंबाथेंबाने सोडायची. रात्री, कारण तेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो आणि निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही. मऊ प्रवाळांच्या लहान टाकीला मात्र यातलं फारसं लागत नाही. आठवड्याला दहा लिटर पाणी बदललं की बहुतेक भरपाई होते.

मी मऊ प्रवाळांबद्दलच बोलतेय, त्याला कारण आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. मेलेला तुकडासुद्धा यात येतो, म्हणून अंदमानच्या किनाऱ्यावरून 'आठवण' म्हणून उचललेला पांढरा दगड टाकीत ठेवू नका. समुद्रातून काढलेला सजीव खडकही मुळात प्रवाळाचाच असतो. त्याऐवजी माणसाने बनवलेला कोरडा खडक घ्या. जिवाणू त्याच्यावरही वसतात, जरा वेळ लागतो इतकंच.

हा कायदा मला मनापासून पटतो. प्रवाळ ही आपल्याला लांबची गोष्ट वाटते, पण ते मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहे, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर आहे, आणि मुंबईत हाजी अली, वरळीच्या खडकांवर होतं. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी तिथलं प्रवाळ हलवून दुसरीकडे लावावं लागलं. मालवणचं प्रवाळ गढूळ पाण्यात, पावसाळ्याच्या गाळात तग धरून राहतं. तिथून एक तुकडा जरी कुणी टाकीसाठी खुडला, तरी तिथली कित्येक वर्षांची वाढ गेली.

तेव्हा सुरुवात मशरूम, लेदर, केनिया ट्री, झोआ अशा मऊ प्रकारांनी करा. कायद्यातल्या त्या नोंदीत हे येत नाहीत. तरीही दुसऱ्याच्या टाकीत वाढलेलाच तुकडा घ्या, कुठून आला ते विचारा, बिल मागा. शंका असेल तर वन विभागाकडून खात्री करून घ्या. माशांचंही तसंच. क्लाउनफिश आता हॅचरीत तयार होतात. मंडपम आणि विळिंजमच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी त्यांचं प्रजनन बसवलं आहे. हॅचरीत जन्मलेली जोडी टाकीला रुळलेली असते आणि तिला अॅनेमोनही (क्लाउनफिश समुद्रात ज्याच्या शुंडकांत राहतात तो प्राणी) लागत नाही. शंभर लिटरला ती एक जोडी पुरे.

झोआबद्दल एक सावधगिरी. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. वाफेतून ते विष श्वासात जातं आणि घरातले सगळे एकदम आजारी पडू शकतात. हात लावताना हातमोजे, कापताना चष्मा. बोटाला चीर असेल त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही.

हे सगळं जमलं की साधारण दुसऱ्या वर्षी प्रवाळ तुमच्यापेक्षा पुढे धावायला लागतं. केनिया ट्री आपल्या फांद्या स्वतःच गाळतं. फांदी वाहत जाते, कुठल्या तरी कपारीत अडकते, आठवड्याभरात चिकटते. लेदरचा तुकडा करायचा असेल तर धारदार ब्लेडने टोपीची कड एका दमात कापायची. कापताच ते पांढरा चिकटा सोडतं आणि पाण्याला उग्र वास येतो. दोन्ही तुकडे वाहत्या पाण्यात धरून तो चिकटा जाऊ द्यायचा. मऊ अंगाला गोंद धरत नाही, म्हणून मी तुकडा शंखांच्या चुऱ्यावर ठेवून वरून मऊ, विरळ जाळीच्या कापडाचा तुकडा रबराने बांधते. दहा-बारा दिवसांत तो एखाद्या शिंपल्याला धरतो. मग तो शिंपला जेल सुपरग्लूने दगडावर लावता येतो.

मागच्या दिवाळीत त्या आवळलेल्या, साय धरलेल्या लेदरचाच तुकडा माझ्या बहिणीने ठाण्याला नेला. थर्मासमध्ये टाकीचंच पाणी, वर जागा हवेसाठी. निघायच्या आधी तिला फोनवर तिच्या टाकीचा आकडा वाचायला लावला: ३५. पोचल्यावर तिने तासभर तो थर्मास टाकीत तरंगत ठेवला आणि मग तुकडा दगडावर ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने पाठवलेल्या फोटोत त्याच्या कडेला बारीक, फिकट पॉलिप बाहेर आले होते, सात. मी मोजले.